‘ऑप्ट फॉर’ म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ऑप्ट फॉर’चा साधा अर्थ काय?

समोर दोन किंवा जास्त वाटा आहेत, विचार करून त्यातली एक धरली, तर ते झालं ‘ऑप्ट फॉर’. ‘शी ऑप्टेड फॉर कॉमर्स’ म्हणजे तिने कॉमर्स घेतलं. सायन्स आणि आर्ट्सही तिला घेता आलं असतं, हे या वाक्यात न सांगता येतं. म्हणूनच पर्याय नसेल तिथे हे क्रियापद बसत नाही. गावात एकच शाळा असताना ‘वी ऑप्टेड फॉर द व्हिलेज स्कूल’ म्हटलं, तर ऐकणारा विचारणारच की दुसरी कुठली होती?

आणखी एक छटा आहे. निर्णय स्वतःचा असावा लागतो. बदली वरून आली असेल, तर ‘आय ऑप्टेड फॉर नागपूर’ चुकीचं; तिथे ‘आय वॉज ट्रान्सफर्ड टू नागपूर’. पर्यायांची यादी भरून घेतली होती आणि नागपूर तुम्ही लिहिलं होतं, तर मात्र ‘ऑप्टेड फॉर’ बरोबर.

मग आपण ‘धडा ऑप्शनला टाकला’ म्हणतो, त्यात तर धडा सोडलेला असतो. हे उलटं कसं?

मराठी विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. प्रश्नपत्रिकेत ‘कोणतेही चार सोडवा’ असं लिहून पाच प्रश्न दिलेले असतात, म्हणजे एक गाळायची मुभा असते. त्या हिशेबाने आधीच दोन धडे न वाचता सोडून द्यायचे, याला ‘ऑप्शनला टाकणे’ हे नाव पडलं. अशा रीतीने ‘ऑप्शन’ हा शब्द मराठीत गाळलेल्या भागाला जाऊन चिकटला. इंग्रजीत तो घेण्याजोग्या प्रत्येक गोष्टीला लागतो.

त्यामुळे उताऱ्यात ‘ही ऑप्टेड फॉर द लाँगर रूट’ आलं की काही मुलं ‘त्याने लांबचा रस्ता टाळला’ असा अर्थ लावतात. खरा अर्थ बरोबर उलटा, त्याने लांबचाच रस्ता धरला. एवढं पक्कं धरा: नुसत्या ‘ऑप्ट’मध्ये सोडण्याचा अर्थ कधीच नसतो, तो ‘आउट’ लागल्यावरच येतो. आणि ‘दोन धडे ऑप्शनला टाकले’ हे इंग्रजीत सांगायचं असेल, तर ‘आय स्किप्ड टू चॅप्टर्स’ म्हणा. तिथे ‘ऑप्ट’ आणूच नका.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘ऑप्टारे’ म्हणजे इच्छिणे, निवडणे. ते फ्रेंचमधून एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आलं. ‘ऑप्शन’ हे नाम त्याच्याआधीच इंग्रजीत रुळलेलं होतं. याच मुळाचे दोन शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ‘अ‍ॅडॉप्ट’ म्हणजे निवडून आपलंसं करणे, दत्तक घेणे. आणि ‘को-ऑप्ट’ म्हणजे आधी निवडून आलेल्यांनी आणखी एखाद्याला आपल्यात घेणे. हाउसिंग सोसायटीच्या समितीत रिकाम्या जागेवर सभासद ‘को-ऑप्ट’ करतात, तो हाच शब्द. चष्म्याच्या दुकानावरचं ‘ऑप्टिकल’ मात्र या घराण्यातलं नाही. ते दृष्टीबद्दलच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे.

‘फॉर’ लागतोच का? ‘आय ऑप्टेड सायन्स’ चालत नाही?

नाही चालत. मुलाखतींत, अर्जांत, अगदी महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांतही ही चूक दिसते. तिची कारणं दोन.

पहिलं कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘मी सायन्स घेतलं’, ‘मी सायन्स ऑप्ट केलं’ या वाक्यांत कर्माला काहीही जोडावं लागत नाही. तीच घडण इंग्रजीत जाते आणि ‘फॉर’ गळतो. त्यात ‘फॉर म्हणजे साठी’ असं पाठ झालेलं असतं, आणि ‘सायन्ससाठी निवडलं’ हे मराठी कानाला विचित्र वाटतं. म्हणून ‘फॉर’ नकोसाच वाटतो. या जोडीतल्या ‘फॉर’चा अर्थ ‘साठी’ नाहीच. त्याचा वेगळा अर्थ लावायचा प्रयत्न सोडा आणि ‘ऑप्टफॉर’ हा एकच शब्द आहे असं समजून पाठ करा.

दुसरं कारण ऐकण्यातलं. भरभर बोलताना ‘फॉर’चा नुसता ‘फ’ उरतो. ‘ऑप्टेड फ सायन्स’ असं कानावर पडतं आणि तो ‘फ’ निसटून जातो.

‘फॉर’ सर्वांत जास्त गळतो तो प्रश्नात आणि जोडवाक्यात, कारण तिथे तो शेवटी एकटा उभा असतो. ‘व्हिच सब्जेक्ट डिड यू ऑप्ट फॉर?’ आणि ‘द सब्जेक्ट आय ऑप्टेड फॉर इज न्यू’ ही दोन वाक्यं मोठ्याने दहा वेळा म्हणा. वाक्याच्या शेवटी ‘फॉर’ येणं चूक आहे असं कुणी सांगितलं असेल, तर ते मनावर घेऊ नका.

‘ऑप्ट फॉर’ की ‘ऑप्ट टू’?

पुढे काय येतं ते पाहा. नाम आलं तर ‘फॉर’: ‘ऑप्ट फॉर सर्जरी’. क्रियापद आलं तर ‘टू’: ‘ऑप्ट टू स्टे’. ‘ऑप्ट फॉर टू स्टे’ असं दोन्ही एकत्र कधीच येत नाही. ‘ऑप्टेड दॅट’ हेही चूक.

‘टू’चा सर्वांत सरावाचा वापर क्रिकेटच्या बातम्यांत सापडतो. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत झाली. श्रीलंकेने नाणेफेक जिंकली आणि फलंदाजी घेतली. ते इंग्रजीत असं सांगतात: ‘श्रीलंका वन द टॉस अँड ऑप्टेड टू बॅट’. इथे ‘ऑप्टेड फॉर बॅटिंग’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. ‘इलेक्टेड टू बॅट’ आणि ‘चोज टू बॅट’ हेही तितकंच बरोबर. ज्यांना व्याकरणाचे नियम लक्षात राहत नाहीत, त्यांनी महिनाभर इंग्रजी वृत्तपत्राचं क्रीडापान वाचावं. ही घडण आपोआप अंगवळणी पडते.

सोडलेला पर्यायही सांगायचा असेल तर ‘ओव्हर’, ‘रादर दॅन’ किंवा ‘इन्स्टेड ऑफ’ वापरा: ‘शी ऑप्टेड फॉर अ डिप्लोमा इन्स्टेड ऑफ ज्युनियर कॉलेज’. दहावीनंतर तिने अकरावी सोडून पदविका धरली, हे एका वाक्यात आलं.

‘डिड नॉट ऑप्ट फॉर’, ‘ऑप्टेड नॉट टू’ आणि ‘ऑप्टेड आउट ऑफ’ यांत फरक आहे का?

आहे, आणि कागदपत्रांत तो महाग पडू शकतो. गटविम्याचं उदाहरण घ्या.

‘आय डिड नॉट ऑप्ट फॉर द इन्शुरन्स’ म्हणजे मी विमा घेतला नाही. कदाचित फॉर्म भरायला विसरलो असेन, कदाचित कुणी सांगितलंच नसेल. कारण उघडं राहतं.

‘आय ऑप्टेड नॉट टू टेक द इन्शुरन्स’ म्हणजे विमा समोर होता, विचार केला आणि जाणूनबुजून घेतला नाही.

‘आय ऑप्टेड आउट ऑफ द इन्शुरन्स’ म्हणजे मी विम्यात होतो, किंवा काही केलं नसतं तर आपोआप गेलो असतो, आणि मी सांगून बाहेर पडलो.

कंपनीला ‘माझा विमा का नाही?’ असं विचारणाऱ्या पत्रात चुकून तिसरं वाक्य लिहिलं, तर तुम्हीच नकार दिल्याची लेखी कबुली झाली. तिथे पहिलं वाक्यही अर्धवटच ठरतं. ‘आय वॉज नॉट गिव्हन द चॉइस’, म्हणजे मला विचारलंच नाही, असं स्पष्ट लिहा.

‘आउट’च्या पुढे ‘ऑफ’ येतो, ‘फ्रॉम’ नाही. ‘ऑप्ट आउट फ्रॉम’ आपल्याकडे खूप लिहिलं जातं. ‘बाहेर पडणे’ला मराठीत ‘तून’ लागतो आणि ‘तून’ म्हणजे ‘फ्रॉम’ अशी सवय असते, म्हणून.

फॉर्मवरचं ‘ऑप्ट इन’ आणि ‘ऑप्ट आउट’ कसं ओळखायचं?

एकच प्रश्न विचारा: मी काहीही केलं नाही, तर काय होईल? काही न केल्यास तुम्ही योजनेच्या बाहेर राहणार असाल, तर ती ‘ऑप्ट इन’ पद्धत. काही न केल्यास आत धरले जाणार असाल, तर ‘ऑप्ट आउट’.

अवयवदानात हा फरक स्वच्छ दिसतो. भारतात १९९४ च्या कायद्यानुसार संमती द्यावी लागते, म्हणजे ‘ऑप्ट इन’. वेल्समध्ये १ डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून ‘ऑप्ट आउट’ आहे: काही सूट असलेले गट वगळता प्रौढ व्यक्तीने नकार नोंदवलेला नसेल, तर तिची संमती गृहीत धरतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे माहीत करून घ्यावं. इच्छा काहीही असो, ती नोंदवून ठेवावी आणि घरच्यांच्या कानावर घालावी.

पीकविम्यातही हेच आहे. खरीप २०२० पासून प्रधानमंत्री पीकविमा योजना कर्जदार शेतकऱ्यांनाही ऐच्छिक झाली. पण ‘ऐच्छिक’ म्हणजे ‘नाही सांगितलं तर नाही’ असा अर्थ इथे होत नाही. कर्जदाराला बाहेर राहायचं असेल, तर अंतिम तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेत तसं लिहून द्यावं लागतं, नाहीतर खात्यातून हप्ता कापला जातो. म्हणजे कर्जदाराला ‘ऑप्ट आउट’ आणि बिगरकर्जदाराला ‘ऑप्ट इन’, योजना मात्र एकच.

प्राप्तिकरात एकच कृती दोन्ही शब्दांत सांगितलेली आढळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे ‘ऑप्टिंग आउट ऑफ द न्यू रेजीम’ आणि ‘ऑप्टिंग फॉर द ओल्ड रेजीम’ यांचा अर्थ एकच. फॉर्मवर ‘डू यू विश टू ऑप्ट आउट ऑफ द न्यू रेजीम?’ असा प्रश्न असेल आणि तुम्हाला जुनी प्रणाली हवी असेल, तर उत्तर ‘येस’. घाईत ‘मला नवी नको’ म्हणून ‘नो’वर खूण करणारे पुष्कळ असतात. ‘आउट’ असलेल्या प्रश्नाला ‘नो’ म्हणजे ‘मी आतच राहतो’.

वेबसाइटवर ‘पाठवा’ बटणाच्या वर छोट्या अक्षरांत एक चौकोन असतो. त्यात आधीच बरोबरची खूण असेल, तर ती तुम्हाला न विचारता आत घेण्याची खटपट आहे. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण (डेटा प्रोटेक्शन) नियमात अशी आयती खूण संमती मानली जात नाही. आपल्याकडे मात्र ती अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. खूण काढा आणि मगच पुढे जा.

रेल्वेच्या तिकिटावरचं ‘विकल्प’ हेच का?

हो. तिकीट प्रतीक्षायादीत असेल, तर ‘ऑप्ट फॉर विकल्प’ करता येतं. कमाल ७ दुसऱ्या गाड्या निवडता येतात, आणि त्यातल्या एखाद्या गाडीत जागा असेल तर मिळू शकते. मिळेलच असं नाही. निवडण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्या. चढायचं किंवा उतरायचं स्टेशन बदलून जवळचं दुसरं येऊ शकतं. आणि दुसऱ्या गाडीत जागा पक्की झाल्यावर तिकीट रद्द केलं, तर पक्क्या तिकिटाचे पैसे कापले जातात. तोवर तुम्हाला ‘मी तर प्रतीक्षायादीतच आहे’ असं वाटत असतं. तक्ता तयार झाल्यावर पीएनआर पुन्हा तपासा.

‘चूज’, ‘सिलेक्ट’, ‘पिक’, ‘प्रिफर’ असताना ‘ऑप्ट फॉर’ कधी?

‘चूज’ कुठेही चालतं. शंका असेल तेव्हा तेच वापरा, मात्र त्याला ‘फॉर’ जोडू नका. ‘आय चोज फॉर सायन्स’ चूक. ‘सिलेक्ट’मध्ये निकष लावून, पारखून घेणं असतं, म्हणून संघ, उमेदवार, नमुने यांना ते शोभतं. ‘पिक’ हलकंफुलकं. ‘प्रिफर’ म्हणजे जास्त आवडणे, त्यात निर्णय झालेलाच असतो असं नाही. ‘आय प्रिफर टी, बट आय ऑप्टेड फॉर कॉफी बिकॉज द मिल्क वॉज ओव्हर’ या वाक्यात दोन्ही आपापल्या जागी आहेत.

‘ऑप्ट फॉर’ निर्णयांना, मार्गांना, योजनांना शोभतं: शाखा, उपचार, निवृत्ती, हप्त्याची मुदत. ढिगातून एक आंबा उचलला तर ‘ऑप्टेड फॉर अ मँगो’ म्हणत नाहीत, ‘पिक्ड’ म्हणतात. नवराबायकोच्या निवडीलाही ते वापरू नका. माणूस म्हणजे योजनेचा पर्याय वाटायला लागतो.

प्रवेशाच्या मुलाखतीत हा फरक उपयोगी पडतो. अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत तुम्ही ऑप्शन फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरता, ते ‘ऑप्टेड फॉर’. गुणवत्तेनुसार जे मिळतं ते ‘वॉज अलॉटेड’. पहिली पसंती कॉम्प्युटर होती आणि सिव्हिल मिळालं, तर ‘आय ऑप्टेड फॉर कॉम्प्युटर, बट वॉज अलॉटेड सिव्हिल’ हे खरं आणि नेमकं वाक्य. त्याचप्रमाणे ‘आय वॉज सिलेक्टेड फॉर द टीम’ म्हणजे माझी निवड झाली. तिथे निवडणारा दुसरा कुणीतरी असतो, ‘ऑप्टेड फॉर’मध्ये निवडणारे तुम्ही स्वतः.

मराठीत ‘निवडणे’ एकच आहे. प्रत्येक वेळी इंग्रजीत काय म्हणायचं?

‘निवडणे’चा पसारा मोठा आहे आणि तो एका इंग्रजी शब्दात मावत नाही. तांदूळ किंवा डाळ निवडणे म्हणजे खडे काढणे. ते ‘पिक ओव्हर’. मेथी निवडताना पानं खुडतात, ते ‘पिक द लीव्ह्ज ऑफ द स्टेम्स’. कापूस वेचणे नुसतं ‘पिक कॉटन’. निवडणुकीत निवडून येणे ‘गेट इलेक्टेड’. गर्दीतून चेहरा ओळखून काढणे ‘पिक आउट’. दोन योजनांतली एक निवडणे, तेवढंच ‘ऑप्ट फॉर’.

उलट दिशेने, ‘ऑप्ट फॉर’चं चांगलं मराठी काय?

दर वेळी ‘पर्याय निवडला’ लिहिलं तर मराठी कोरडं होतं. आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. काहीतरी गमावून, किंमत मोजून एखादी वाट धरली असेल तर ‘पत्करणे’: ‘ऑप्टेड फॉर व्हॉलंटरी रिटायरमेंट’ म्हणजे ‘स्वेच्छानिवृत्ती पत्करली’. ‘ऑप्टेड टू रिमेन सायलेंट’ला ‘गप्प राहणं पसंत केलं’. विषय किंवा शाखा असेल तर सरळ ‘घेतली’. ‘ऑप्टेड फॉर अ मिडल पाथ’ला ‘मध्यममार्ग स्वीकारला’. आमच्या मते ‘पत्करणे’ हा यातला सर्वांत मोलाचा शब्द. स्वतःच्या इच्छेने घेतलेला भार त्यात दिसतो, जो इंग्रजी शब्दातही नाही. ‘विकल्प’ मात्र जपून वापरा. हिंदीत त्याचा अर्थ पर्याय, पण मराठीत ‘मनात विकल्प आला’ म्हणजे शंका आली.

याच्या जवळची आणखी क्रियापदं कोणती?

‘गो फॉर’ आणि ‘गो विथ’ ही बोलण्यातली: हॉटेलात थाळी मागवताना ‘आय विल गो फॉर द थाळी’. ‘ऑप्ट फॉर’ तिथे जड वाटतं. ‘सेटल ऑन’ म्हणजे बरीच चर्चा, बरीच दुकानं झाल्यावर एकावर ठरणं. ‘सेटल फॉर’ मात्र वेगळं: हवं ते मिळालं नाही म्हणून कमीवर भागवणं. ‘ऑप्टेड फॉर अ टू-रूम फ्लॅट’ आणि ‘सेटल्ड फॉर अ टू-रूम फ्लॅट’ यांत समाधान आणि नाइलाज एवढं अंतर आहे. ‘प्लंप फॉर’ ब्रिटिश बोलीतलं, घुटमळून झाल्यावर एकदम घेणं. ‘सिंगल आउट’ म्हणजे गटातल्या एकालाच वेगळं काढणं, बहुधा बोल लावायला किंवा कौतुकाला.

उच्चार आणि स्पेलिंग?

‘ऑ’ आखूड. ‘प’वर ओठ मिटतात पण तो फोडून म्हणायचा नाही, ‘ऑपट’ होऊ देऊ नका. भूतकाळी ‘ऑप-टिड’ अशी दोन अक्षरं. स्पेलिंगमध्ये ‘टी’ दुप्पट होत नाही, कारण त्याच्याआधी स्वर नसून ‘पी’ आहे. ‘ऑप्ट आउट’ क्रियापद असताना मधे जोडरेघ नसते. ‘ऑप्ट-आउट फॉर्म’ असं विशेषण झालं की येते.

‘सायन्स वॉज ऑप्टेड फॉर बाय हर’ बरोबर आहे?

व्याकरणात बसतं, पण कुणी असं बोलत नाही. कर्तरी प्रयोगच ठेवा.

हे फ्रेजल व्हर्बच आहे ना?

शाळेत तसंच, म्हणजे क्रियापद आणि पुढचा छोटा शब्द मिळून बनलेलं क्रियापद म्हणून, शिकवतात. काटेकोर पाहिलं तर ‘ऑप्ट फॉर’मधला ‘फॉर’ शब्दयोगी आहे, तो कर्माच्या मागे सरकत नाही: ‘ऑप्ट फॉर इट’ म्हणतात, ‘ऑप्ट इट फॉर’ कधीच नाही. ‘ऑप्ट आउट’ हे खरं फ्रेजल व्हर्ब. परीक्षेत या भेदावर अडून बसू नका.

‘वाक्यात उपयोग करा’ला पूर्ण गुण मिळतील असं वाक्य कसं लिहायचं?

‘आय ऑप्टेड फॉर इट’ लिहिलं तर अर्थ कळल्याचं दिसत नाही. तीन गोष्टी घाला: कोणी निवडलं, काय निवडलं, आणि कशाऐवजी किंवा का. ‘सिन्स द घाट रोड वॉज क्राउडेड, वी ऑप्टेड फॉर द ट्रेन.’ घाटरस्त्यावर गर्दी होती, म्हणून रेल्वे धरली. दोन्ही पर्याय दिसतात, कारण दिसतं, काळ बरोबर, ‘फॉर’ जागेवर. परीक्षेला जाण्यापूर्वी आपल्या रोजच्या जगण्यातली अशी तीन वाक्यं स्वतः रचून वहीत लिहा: एक ‘फॉर’चं, एक ‘टू’चं, एक ‘आउट ऑफ’चं.